एक डाव, आठ दिवस



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी दोनदा वाचले. घाटंजी तालुक्यातील एका माउलीचे ते पत्र आहे. त्या गावच्या शाळेत खिचडी शिजवतात. घरधनी हंगामात जिनिंगमध्ये आणि बाकीचे दिवस मिळेल त्या कामावर. मुलगा सातवीत आहे. पत्रातला मुद्द्याचा भाग त्यांच्याच शब्दांत देतो :

‘भाऊ, माझ्या मुलाला बुद्धिबळाचा नाद लागला आहे. त्याच्या बाबाच्या मोबाइलवर दिवसातून वीस-पंचवीस डाव खेळतो. मागच्या महिन्यात शाळेने तालुक्याला स्पर्धेला नेले होते. तिथे क्लासला जाणाऱ्या एका मुलाने त्याला चार चालीत हरवले. सगळी पोरं हसली. तेव्हापासून म्हणते, आई, हा आपल्यासारख्यांचा खेळ नव्हे. क्लासची फी आमच्याने होत नाही. त्याच्या मामाने रद्दीतून एक जुने इंग्रजी पुस्तक आणून दिले. त्यात कापाब्लांका नावाच्या माणसाचे डाव आहेत म्हणते. पण नुसती अक्षरं अन् आकडे आहेत, काही समजत नाही. एक जण म्हणाले, शंभर वर्षांपूर्वीचे डाव वाचून काय होते? त्याचे बाबा म्हणते, खेळानं पोट भरते का? तुम्ही सांगा, पुस्तक ठेवू का रद्दीत टाकू?’

ताई, पुस्तक रद्दीत टाकू नका. तुमच्या मुलाला फी न घेणारा शिक्षक घरी चालून आला आहे. त्याच्याकडून शिकायचे कसे, एवढेच आपल्याला ठाऊक नाही. आजचा हा स्तंभ त्यासाठीच.

चार चालीत हरणे

आधी त्या चार चालींविषयी. तुमच्या मुलाला सांगा, बुद्धिबळ खेळणारा जवळजवळ प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी असा हरलेला असतो. तो एक ठरलेला सापळा आहे. सुरुवातीला राजाच्या बाजूच्या उंटासमोर जे प्यादे उभे असते, त्याला राखण फक्त राजाची असते. समोरचा आपला उंट आणि वजीर दोन्ही त्या एका प्याद्यावर रोखतो आणि चौथ्या चालीला वजिराने ते प्यादे मारून मात करतो. एकदा कळले की हा सापळा थोपवणे अगदी सोपे असते.

ज्या मुलाने हरवले त्याला हा सापळा पाठ होता. तुमच्या मुलाला नव्हता. दोघांमधला फरक तेवढाच होता. पण पाठांतरावर डाव चार चाली चालतो, पाचव्या चालीपासून समज लागते. ती समज मोबाइलवर रोज पंचवीस डाव खेळून येत नाही. तीन मिनिटांचा डाव, हरला की दुसरा, दुसरा हरला की तिसरा! आपण का हरलो हे विचारायला मध्ये वेळच नाही. तीच चूक दिवसातून पंचवीस वेळा केली तर ती चूक पक्की होते, खेळ पक्का होत नाही.

अक्षरांचे कोडे

मुलाने पत्रासोबत पुस्तकातली एक ओळ उतरवून पाठवली आहे. त्यावरून दिसते की पुस्तक जुन्या पद्धतीने चाली लिहिणारे आहे. घाबरण्याचे कारण नाही. एका संध्याकाळी ही लिपी येते.

इंग्रजी ‘के’ म्हणजे राजा, ‘क्यू’ म्हणजे वजीर, ‘आर’ म्हणजे हत्ती, ‘बी’ म्हणजे उंट, ‘पी’ म्हणजे प्यादे. घोड्याला कुठे ‘केटी’ तर कुठे ‘एन’ लिहितात. पटावरच्या उभ्या रांगेला तिच्या तळाशी सुरुवातीला जो मोहरा उभा असतो त्याचे नाव. ‘पी-क्यू ४’ म्हणजे वजिराच्या रांगेतले प्यादे चौथ्या घरात. यात एकच गोम आहे. पांढरा आपल्या बाजूने घरे मोजतो आणि काळा आपल्या बाजूने. म्हणून पांढऱ्याचे चौथे घर ते काळ्याचे पाचवे.

आजची पद्धत याहून सोपी. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच ही नावे आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. प्रत्येक घराला एकच नाव. जुन्या पुस्तकातले ‘पी-क्यू ४’ आज पांढऱ्यासाठी नुसते ‘डी४’ होते. मुलाने पहिल्या दिवशी वहीत दोन्ही पद्धतींचा तक्ता करावा. फुलीचे चिन्ह म्हणजे मारणे. अधिकचे चिन्ह किंवा ‘सीएच’ म्हणजे शह. चालीपुढे उद्गारचिन्ह असेल तर चाल उत्तम, प्रश्नचिन्ह असेल तर चूक. मधूनमधून बारीक अक्षरांत जो मजकूर असतो त्या टिपा. पुस्तकाचे खरे मोल त्या टिपांत आहे. त्या टिपा असलेल्या डावाला आपण सटीप डाव म्हणू.

पट नसेल तर पुठ्ठ्यावर चौसष्ट घरे आखा. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पांढरे घर आले पाहिजे, एवढे पाहा. बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरे लिहिली की मोहरे तयार.

शंभर वर्षांपूर्वीचा एक डाव

आता तो प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीचे डाव वाचून काय होते? याचे उत्तर मी वादाने देत नाही, एक डावच मांडतो. घरात पट असेल तर तुम्हीही मांडा.

होजे राउल कापाब्लांका हा क्युबा देशातील हवाना शहरचा. जन्म १८८८. वडिलांचा खेळ बघता बघता चौथ्या वर्षी खेळायला शिकला. १९२१ साली इमॅन्युएल लास्करला हरवून जगज्जेता झाला. त्याच साली त्याने नवशिक्यांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात डावाच्या सुरुवातीने होत नाही, शेवटाने होते : मोजके मोहरे उरले असता मात कशी करायची आणि प्याद्याचा वजीर कसा करायचा. थोड्या मोहऱ्यांचे बळ आधी ओळखा, मग पट भरा, असा त्याचा क्रम.

१९२४ साली न्यूयॉर्कला अकरा नामांकित खेळाडूंची मोठी स्पर्धा झाली. ती लास्करने जिंकली, कापाब्लांका दुसरा आला, अलेखिन तिसरा. याच स्पर्धेत रेटी नावाच्या खेळाडूने कापाब्लांकाला हरवले. आठ वर्षांत तो प्रथमच हरला होता. जगज्जेतासुद्धा हरतो, हेही तुमच्या मुलाला सांगा! त्याच स्पर्धेतला टार्टाकोव्हरविरुद्धचा त्याचा डाव आजही जगभर शिकवला जातो.

चौतीस चाली झाल्यानंतरची स्थिती अशी. पांढरा कापाब्लांका : राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा टार्टाकोव्हर : राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५. दोघांकडे एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी. चाल पांढऱ्याची.

नीट बघा. काळ्याचा हत्ती सी३ च्या प्याद्यावर डोळा ठेवून आहे. ते मारले की राजाला शहही बसतो. आपण असतो तर काय केले असते? प्यादे चालले म्हणून जीव खालीवर झाला असता. हत्तीला मागे बोलावून पडझड थांबवायच्या मागे लागलो असतो.

कापाब्लांका राजा उचलतो आणि जी३ वर ठेवतो. घे प्यादे! काळा शह देऊन प्यादे मारतो. राजा पुढे एच४ वर. काळा हत्ती एफ३ वर येऊन दुसऱ्या प्याद्यावर रोखतो. पांढरा तिकडे बघतही नाही, आपले जी रांगेतले प्यादे सहाव्या घरात सरकवतो. काळा एफ४ चे प्यादेही शह देऊन मारतो. राजा जी५ वर. हल्ला झाला म्हणून काळा हत्ती ई४ वर सरकतो. आता मोजा : काळ्याकडे पाच प्यादी, पांढऱ्याकडे तीन. दोन प्यादी गेली. हिशेबाने पांढरा बुडाला.

आणि एकोणचाळिसाव्या चालीला पांढरा राजा एफ६ वर जाऊन उभा राहतो. शेजारी एफ५ वर काळ्याचे प्यादे फुकट मिळत होते. त्याने ते मारले नाही. का? कारण ते प्यादे त्याच्या डोक्यावरची छत्री होती. ते तिथे उभे होते म्हणूनच काळ्या हत्तीला त्या रांगेतून शह देता येत नव्हता. शत्रूचेच प्यादे आडोशाला घेऊन राजा उभा राहिला!

आता पट पुन्हा बघा. पांढरा राजा, हत्ती आणि जी६ चे प्यादे, तिघे मिळून काळ्या राजाच्या दारात उभे. काळा राजा शेवटच्या ओळीत कोंडलेला, कारण एच७ चा हत्ती सातवी ओळ अडवून बसला आहे. काळ्याची दोन जास्तीची प्यादी लांब उभी राहून नुसती बघतात. पुढे कापाब्लांका एकेक करून चार प्यादी वसूल करतो आणि बावन्नाव्या चालीला टार्टाकोव्हर डाव सोडतो.

आमच्या लहानपणी वस्तीत जिनिंगमधले एक हमाल संध्याकाळी ओट्यावर देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत. अक्षरओळख नव्हती. पण पट मोकळा झाला की ते पोरांना म्हणत, ‘आता राजाले घरात कायले बसवून ठेवता रे? त्याले कामाले लावा!’ कापाब्लांकाचा हा डाव प्रथम पाहिला तेव्हा मला त्यांची आठवण झाली. पटावर गर्दी असेपर्यंत राजाने आडोशाला राहावे, गर्दी ओसरली की तोही कामकरी मोहरा आहे. हीच गोष्ट जगज्जेत्याने न्यूयॉर्कला करून दाखवली होती. फरक इतकाच की त्याचा डाव लिहून ठेवला गेला, म्हणून तो आज तुमच्या घरापर्यंत आला. आमच्या त्या काकांचे डाव कोणी लिहिले नाहीत. ते ओट्यावरच संपले.

म्हणून सांगतो, आपल्या मुलांनी आपले डाव लिहून ठेवले पाहिजेत.

टिपा वाचून जगज्जेता

त्या न्यूयॉर्क स्पर्धेतल्या सगळ्या डावांवर पुस्तक निघाले. त्यातल्या टिपा लिहिल्या अलेखिनने, म्हणजे तिसऱ्या आलेल्या खेळाडूने. डावांवर टिपा लिहायच्या म्हणजे प्रत्येक चालीला ‘ही का? दुसरी का नाही?’ असे विचारावे लागते.

तीन वर्षांनी, १९२७ साली, ब्युनॉस आयर्स येथे अलेखिन जगज्जेतेपदासाठी कापाब्लांकासमोर बसला. तोपर्यंत त्याला कापाब्लांकाविरुद्ध एकही डाव जिंकता आलेला नव्हता. पण त्याने कापाब्लांकाचे डाव बारकाईने अभ्यासले होते. या माणसाचे बळ कशात आहे आणि तो कुठे ढिला पडतो, हे त्याने हेरले होते. चौतीस डाव चालले. पंचवीस बरोबरीत सुटले, तीन कापाब्लांकाने जिंकले आणि सहा अलेखिनने. ज्याला कधी हरवता आले नव्हते, त्याच्याकडून जगज्जेतेपद घेतले!

ज्याच्यापुढे आपण हरतो त्याचे डाव वाचावेत. त्याच्यावर रुसून घरी बसू नये. तुमच्या मुलाने यातून एवढेच घ्यावे.

आठ दिवसांचा क्रम

आता प्रत्यक्ष कसे शिकायचे ते. एका डावाला आठ दिवस द्यायचे. घाई करायची नाही.

पहिला दिवस : टिपा न वाचता सगळ्या चाली पटावर खेळून बघायच्या. गोष्ट कोणती आहे, कोण जिंकले, एवढेच कळले तरी पुष्कळ.

दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस : जिंकणाऱ्याच्या बाजूने बसायचे. पुढची चाल जाड कागदाने झाकायची. ‘मी काय खेळलो असतो?’ हे ठरवून वहीत लिहायचे आणि मगच कागद एक ओळ खाली सरकवायचा. वहीत चार रकाने करावेत : चालीचा आकडा, माझा अंदाज, पुस्तकातली चाल आणि माझे कारण. रोज सतरा-अठरा चाली पुरेत. सुरुवातीला थोडेच अंदाज जुळतील. त्याने खट्टू व्हायचे नाही. न जुळलेली प्रत्येक चाल हाच खरा धडा आहे. ‘मला जे दिसले नाही ते त्याला काय दिसले?’ हे शोधायचे. चाल न ठरवता कागद सरकवला तर ती फसवणूक पुस्तकाची नाही, स्वतःची.

पाचवा दिवस : आता टिपा वाचायच्या. इंग्रजी अडेल. पण अशा पुस्तकांत पन्नास-साठ शब्दच फिरून फिरून येतात. ‘थ्रेट’ म्हणजे पुढच्या चालीचा धाक, ‘सॅक्रिफाइस’ म्हणजे जाणूनबुजून मोहरा देणे, ‘ओपन फाइल’ म्हणजे प्यादी नसलेली मोकळी उभी रांग, ‘पास्ड पॉन’ म्हणजे ज्याची वाट अडवायला समोर आणि शेजारच्या रांगांत शत्रूचे प्यादे उरलेले नाही असे प्यादे. ताई-दादांना विचारा, शब्दकोश पाहा, वहीच्या मागच्या पानावर शब्द उतरवा. बुद्धिबळाच्या निमित्ताने इंग्रजी वाचायची भीती गेली तर तेही कमी नाही.

सहावा दिवस : ती चौतिसाव्या चालीनंतरची स्थिती मांडून बहिणीबरोबर खेळायचे. एकदा पांढरा घेऊन, एकदा काळा घेऊन. कापाब्लांकाला सोपे गेले ते आपल्याला किती अवघड जाते, हे त्या दिवशी कळते. हरणाऱ्याच्या जागी बसल्याशिवाय डाव पुरता समजत नाही.

सातवा दिवस : पुस्तक मिटून सगळा डाव कोणाला तरी तोंडी सांगायचा. ताई, हे काम तुमचे. तुम्हाला बुद्धिबळ येत नसले तरी चालेल. भाकरी थापता थापता ऐका आणि मधूनमधून एकच प्रश्न विचारा, ‘का?’ राजा पुढे का गेला? प्यादे का सोडले? ज्या ठिकाणी मुलगा अडखळेल तिथे त्याला डाव समजलेला नाही. शिक्षक याहून वेगळे काय करतो?

आठवा दिवस : एक लांबलचक डाव खेळायचा, निदान तासाभराचा. आपल्या चाली लिहून काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच डावावर टिपा लिहायच्या. चूक झाली तिथे स्वतःच्या हाताने प्रश्नचिन्ह घालायचे. स्वतःच्या चुकीपुढे प्रश्नचिन्ह घालायला धीर लागतो. मोठी माणसेही ते टाळतात.

असा महिन्याला साडेतीन-चार डावांचा हिशेब पडतो. वर्षाला चाळीसेक डाव. वरवर चाळलेल्या हजार डावांपेक्षा हे चाळीस डाव जास्त टिकतील.

मोबाइल फेकायचा का?

नाही. मोबाइलवर जुन्या उस्तादांचे डाव फुकट मिळतात. कापाब्लांकाचा हा डावही मिळेल. पुस्तकातली एखादी चाल छपाईत चुकली असेल तर तिथे ताडून पाहता येते. आज यंत्र जगज्जेत्यापेक्षाही बलवान खेळते. ते क्षणात सांगते की ही चाल चुकीची आणि ही बरोबर. पण ते आकड्यात बोलते. आपल्याला कळेल अशा भाषेत ‘का’ ते सांगत नाही. ते काम माणसाने लिहिलेली टीप करते. म्हणून आधी स्वतःचे डोके, मग टीप, आणि यंत्र सर्वांत शेवटी.

आणखी एक. छापलेली टीप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मोठमोठ्या उस्तादांच्या टिपांतल्या चुका पुढे यंत्राने दाखवून दिल्या आहेत. मुलाला एखादी टीप पटली नाही तर त्याने पटावर मांडून शहानिशा करावी. छापून आले म्हणून खरे, असे कोणत्याच बाबतीत मानू नये.

‘आपल्यासारख्यांचा खेळ नव्हे’

ताई, तुमच्या पत्रातले हे एक वाक्य मला सगळ्यात जास्त टोचले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे वाक्य येते, तेव्हा डाव चार चालींपेक्षा मोठा हरलेला असतो. त्याला तीन गोष्टी सांगा.

पहिली गोष्ट मीर सुलतान खान यांची. पंजाबातल्या खेड्यातला हा माणूस. देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळून मोठा झाला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते. युरोपीय नियम त्यांनी पुष्कळ उशिरा शिकले. १९२९ साली सर उमर हयात खान यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. नंतर १९३२ आणि १९३३ सालीही जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कोणाला हरवले असेल? याच कापाब्लांकाला! पुढे मायदेशी परतले आणि मोठ्या स्पर्धांतून दिसेनासे झाले. १९६६ साली वारले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना ग्रँडमास्टर हा किताब सन्मानाने दिला तो २०२४ साली. मानसन्मान उशिरा येतो, कधी फारच उशिरा. पण पटावर जिंकलेला डाव कोणाला पुसता येत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांची. १९७६ साली तेरा वर्षांच्या वयात त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. मुलगी पुरुषांत कशी खेळणार, म्हणून केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांपासून रोखता येणार नाही. ‘तुमचा खेळ नव्हे’ असे म्हणणारे तेव्हाही होते. ते उत्तर आपल्या सगळ्या मुलींच्या उपयोगाचे आहे. म्हणून ताई, सहाव्या दिवशी मुलाच्या समोर बसणाऱ्या त्या बहिणीलाही वही करून द्या. ती नुसती भावाची जोडीदार म्हणून बसायला नको.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारच्या नागपूरची. २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीसारख्या मातब्बर खेळाडूला हरवले आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. मात्र इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. दिव्याला लहानपणापासून शिक्षक मिळाले, स्पर्धांना जाता आले. आपल्या मुलांच्या मागे ते बळ नाही. नुसते एक जुने पुस्तक वाचून विश्वचषक मिळत नाही. पण विश्वचषक मिळणार नाही म्हणून पुस्तक उघडूच नये, हा कोणता न्याय?

आता मुलाच्या बाबांच्या प्रश्नाकडे येतो. खेळाने पोट भरते का? भाऊ, खरे सांगतो, बुद्धिबळावर पोट भरणारे फार थोडे असतात. त्या भरवशावर शाळा सोडू देऊ नका. बुद्धिबळ खेळला की गणितात पहिला येतो, असेही मी म्हणणार नाही. पण चाल करण्याआधी थांबणे, समोरचा काय करू पाहतो हे त्याच्या जागी बसून बघणे, चूक झाली तर ती स्वतःच्या हाताने लिहून ठेवणे, ही सवय फुकट जात नाही. कोऱ्या कागदावर अंगठा मागणारा समोर आला तर ‘थांबा, आधी वाचतो’ असे म्हणणारा मुलगा घरात असलेला बरा. एवढ्यासाठी पुठ्ठ्याचा पट आणि एक वही महाग नाही. रात्री जेवणे झाल्यावर अर्धा तास द्या. त्या वेळी मोबाइल तुमच्या खिशात राहू द्या.

शेवटी तुमच्या मुलासाठी आणि इतर बालवाचकांसाठी एक प्रश्न. वर सांगितलेल्या डावात एकोणचाळिसाव्या चालीला पांढरा राजा एफ६ वर आला, तेव्हा काळ्याने आपला राजा जी८ वर हलवला. समजा, तसे न करता त्याने मोहात पडून ई४ च्या हत्तीने डी४ चे प्यादे मारले असते, तर पांढऱ्याने एकच कोणती चाल खेळून डाव तिथेच संपवला असता? उत्तर मोबाइलला विचारू नका. पट मांडा, झाकणे लावा, विचार करा. उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. आणि चालीखाली कारण लिहायला विसरू नका, कारण न लिहिलेले उत्तर मी धरणार नाही.

त्या घाटंजीच्या पोराच्या पत्राची मी वाट पाहतो आहे.